पेन्सिल आडवी

हरळवडे केंद्रात अकरा शाळा होत्या आणि त्या अकरांची एकमेकींशी तुलना करणं हे वसुधा तेजमचं काम होतं. केंद्रप्रमुख या हुद्द्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगताना तिची नेहमी पंचाईत व्हायची. शिकवायचं नाही, पण शिकवणाऱ्यांकडे बघायचं. आपण साहेब नाही, पण साहेबांचा निरोप घेऊन जायचं. स्कूटरच्या डिकीत रेनकोट, पाण्याची बाटली आणि टॅब घालून डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून दिवसभर वणवण करायची.

बढती मिळून नऊ वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं, की आपण वर्गाच्या दारात उभं राहिलो की आतलं बोलणं बंद पडतं. मुलं ताडकन उठून एका सुरात नमस्ते म्हणतात, शिक्षक खुर्ची पुसून देतात, चहा येतो, तोही बशीसकट, आणि तो पिऊन होईपर्यंत सगळे उभे. कालपरवापर्यंत ज्यांच्या डब्यातलं लोणचं तिनं हक्कानं उचललं होतं, ते तिला मॅडम म्हणू लागले. मधल्या सुट्टीत आपण असलो की त्यांना घास जात नाही हे कळल्यावर ती आपला डबा एखाद्या वळणावर, काजूच्या झाडाखाली स्कूटर लावून खायला लागली. घरी तरी कोण होतं? नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला, आणि आजऱ्यातल्या दोन खोल्यांत टीव्ही आपला एकटाच बडबडत असायचा. तिला एकटं वाटायचं. पण केंद्रप्रमुखाला हे विचारतं कोण?

आणि मग शाळांमध्ये डबी आली.

तिचं सरकारी नाव उमजमापी. फळ्याच्या वर खिळ्याला अडकवलेली, जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. छपरावर तिच्यापुरतं सौर पॅनेल. दिसायला इतकी गरीब, की पहिल्या दिवसापासून सगळे तिला डबीच म्हणू लागले. तिच्यामागचं विज्ञान प्रशिक्षणात दोन दिवस समजावलं होतं आणि वसुधाला ते मनापासून आवडलं होतं. डबीतून अतिशय आखूड रेडिओलहरी वर्गात सोडल्या जातात. त्या मुलांच्या छातीवर आपटून परत येतात, आणि परतलेल्या लहरीतल्या सूक्ष्म फरकावरून कुठल्या मुलाची छाती केसाएवढी वरखाली झाली हे डबीला कळतं. कॅमेरा नाही, आवाजाची नोंद नाही; फक्त श्वास आणि हृदयाचे ठोके.

संशोधकांना असं आढळलं होतं, की माणसाला एखादी गोष्ट खरोखर समजते त्या क्षणी त्याचा श्वास जेमतेम एक सेकंद थबकतो, हृदयाचा एक ठोका किंचित लांबतो आणि मग नेहमीपेक्षा मोठा उच्छ्वास बाहेर पडतो. मोठ्या माणसांत ही खूण अंधुक असते, मुलांत अगदी लख्ख. पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणताना यातलं काहीही होत नाही. या क्षणाला त्यांनी उमज असं नाव दिलं. भीतीनंही श्वास थांबतोच, पण तो दोन सेकंदांहून जास्त थांबतो आणि ठोके वाढतात. त्याची नोंद ताण या रकान्यात. मुलामागे रोजच्या किती उमजा आणि किती ताण, एवढंच डबी मोजायची आणि महिनाअखेरीला अकरा शाळांचं तुलनापत्रक आपोआप तयार व्हायचं.

याआधी शाळांची तुलना कशावर व्हायची हे वसुधाला चांगलं ठाऊक होतं. रंगरंगोटीवर, शिष्यवृत्तीच्या निकालावर, तपासणीच्या दिवशी पहिल्या रांगेत आणून बसवलेल्या चार हुशार पोरांवर. तिनं स्वतःही तरुणपणी ते सगळे उद्योग केले होते. डबीपुढे ते चालेनात. एका शाळेतल्या गुरुजींनी मुलांना परिपाठात श्वास रोखायला शिकवून बघितलं. डबीनं दुसऱ्याच दिवशी ती नोंद व्यायामात टाकली आणि गुरुजींचं सगळ्या केंद्रात हसं झालं. म्हणजे यंत्र पक्षपाती नव्हतं, त्याला चहा पाजता येत नव्हता आणि ते कुणाचं नातेवाईक नव्हतं. आपल्या नऊ वर्षांच्या वणवणीला एवढा प्रामाणिक सोबती मिळाल्याचं वसुधाला बरंच वाटलं होतं.

पण डबी आल्यापासून सलग तीन महिने तुलनापत्रकात सगळ्यात खाली एकच नाव आलं. सातेरीमाळ. उमज सगळ्यांत कमी आणि ताण सगळ्यांत जास्त.

नियम साधा होता. तीन महिने तळाला राहिलेल्या शाळेला केंद्रप्रमुखानं समक्ष भेट द्यायची आणि यंत्राच्या निष्कर्षाशी सहमत की असहमत ते टॅबवर नोंदवायचं. सहमत म्हटलं की शाळा बंद आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत. असहमत म्हणायचं तर कारण लिहायचं, आणि ते यंत्राच्या तोडीचं हवं.

सातेरीमाळ हे नाव वसुधानं दोनदा वाचलं, कारण त्या शाळेत तिनं नऊ वर्षं शिकवलं होतं. तेव्हा शाळेला दोन शिक्षक होते, ती आणि मालन सुतार. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, वरच्या आळीत एकच खोली भाड्यानं घेऊन राहिलेल्या, एकीनं भाकरी थापायची आणि दुसरीनं वह्या तपासायच्या. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि वसुधानं आजऱ्याला बदली मागून घेतली. वर्षभरात परत येते, असं ती मालनला सांगून गेली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. मुलं कमी होत गेली, दुसरा शिक्षक कधी मिळालाच नाही आणि मालन तिथं एकटीच शिकवत राहिली. लग्न तिनं केलंच नाही. केंद्रप्रमुख म्हणून वसुधा वर्षातून दोनदा तिथं जायची, तेव्हा चालू तास थांबायचा, मालनही खुर्ची पुसून द्यायची आणि मॅडम म्हणायची. पहिल्या वेळी वसुधानं हसून म्हटलं होतं, की अगं मालन, मला कसलं मॅडम म्हणतेस. मालननं, नियम आहे ना, एवढंच म्हटलं होतं.

मार्च महिन्यात वसुधा ठरलेल्या भेटीला गेली. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी निरोप पाठवला होता. सात मुलं, चार इयत्ता, एकच खोली. मुलं उठली, नमस्ते झालं, खुर्ची आली. मालननं चहा विचारला नाही हे वसुधाच्या लक्षात आलं.

मालन घड्याळ शिकवत होती. पावणेबारा म्हणजे बारा वाजून गेलेले असतात की वाजायचे असतात, असा प्रश्न तिनं फळ्यावर काढलेल्या घड्याळाकडे बोट करून विचारला आणि ती गप्प बसली. मुलंही गप्प. मिनिटभरानं एका मुलीनं पेन्सिल खाली ठेवली, मग दुसऱ्या मुलानं. कुणी हात वर केला नाही, कुणी उत्तर दिलं नाही. पेन्सिली खाली ठेवून मुलं ओठ घट्ट मिटून एकमेकांकडे बघत होती. वसुधानं टॅबवर पाहिलं, तर ताणाची तांबडी रेघ चढतच होती. तिनं समोर पाहिलं आणि तिला वाटलं, की खरंच या मुलांची पाचावर धारण बसली आहे. काही वेळानं खोलीत हलका आवाज झाला, सगळी मुलं एकदम बोलली, आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

वसुधानं मालनला बाजूला घेऊन विचारलं, की मुलं अशी गप्प का बसतात, तू ओरडतेस का त्यांना.

"तुम्हाला मी काय सांगायचं, मॅडम," ती म्हणाली. "बघितलंसा न्हवं?"

एवढं बोलून तिनं हातातलं तांबडं पेन टेबलावर ठेवलं आणि वसुधाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वसुधाला तो उद्धटपणा वाटला. आपण मैत्रीण म्हणून विचारावं आणि हिनं असं तोडून बोलावं, याचा तिला रागच आला. तिनं अभिप्रायात लिहिलं, की मुलं लेखन थांबवून, पेन्सिली खाली ठेवून, भयभीत अवस्थेत एकमेकांकडे पाहत बसतात, आणि सहमत या शब्दावर बोट ठेवलं. परतताना घाटात तिनं डबा उघडला, पण भाकरी घशाखाली उतरेना. काम चोख केलं, मग हे असं का होतंय, हे तिला कळलं नाही.

मुलांच्या आयांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगून पाहिलं, की आमच्या बाईंनी कधी पोरांना बोटसुद्धा लावलेलं नाही. साहेबांनी त्यांना तुलनापत्रक दाखवलं. एप्रिलअखेर सातेरीमाळची शाळा बंद झाली. मुलांचे दाखले मालननं आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिले. तिला हरळवड्याला जागा देऊ केली होती, पण तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. डबी मात्र तिथंच राहिली, कारण ती उतरवायचं काम ज्या खात्याकडे होतं त्याला ते आपलं वाटत नव्हतं. ऊन पडलं की डबी चालू व्हायची आणि दर महिन्याच्या पत्रकात एक ओळ भरायची. सातेरीमाळ, पट शून्य, ताण शून्य. अकरा शाळांत सगळ्यात निर्भय शाळा आता तीच होती.

जूनमध्ये सातही मुलं जीपनं हरळवड्याला यायला लागली. हरळवडे म्हणजे केंद्रशाळा. प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग, बाकं, पंखे, आणि तुलनापत्रकात पहिल्या महिन्यापासून पहिला नंबर. तिथले मुख्याध्यापक येसादे सर स्वतः तिसरीला शिकवायचे आणि चांगलं शिकवायचे, यात काही वाद नव्हता. जुलैत तिसरीची उमज थोडी घसरली. ऑगस्टमध्ये आणखी घसरली आणि ताण वाढला. सप्टेंबरचं पत्रक आलं तेव्हा हरळवडे तिसऱ्या नंबरावर होतं आणि येसादे सर वसुधाच्या टेबलासमोर उभे होते.

"मॅडम, वरची पोरं भीती संगट घेऊन आलीत," ते म्हणाले. "रोग लागावा तसं माझ्या पोरांना लागलंय. त्या सातजणांना वेगळं बसवूया, न्हाईतर तालुक्याला समुपदेशनाला पाठवूया. तुम्ही अभिप्राय द्या, मी अर्ज करतो."

वाईट माणूस नव्हता तो. मुलांच्या भल्यासाठीच बोलत होता आणि पहिल्या नंबरासाठीही. वसुधा बघते म्हणाली. पण या वेळी तिनं आधी निरोप पाठवला नाही. मार्चमधली ती न उतरलेली भाकरी अजून कुठंतरी अडकली होती, एवढंच. मुलं यायच्या आधी ती तिसरीच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकाच्या कडेला जमिनीवर बसली. येसादे सरांना खुर्ची आणू नका अशी खूण केली. पहिला तास मुलं मागे वळून वळून बघत राहिली, दुसऱ्या तासाला कंटाळली आणि तिसऱ्या तासाला तिला साफ विसरून गेली. कितीतरी वर्षांनी वसुधा कुणाच्या लक्षात न येता एका चालू वर्गात बसली होती.

फळ्यावर तीनशे दोनातून एकशे सत्तेचाळीस वजा करायचे होते. मधे शून्य. शून्याच्या घरात काही नाही, मग त्याच्याकडून घ्यायचं कसं, यावर सगळा वर्ग अडला होता. वसुधाच्या समोरच्या बाकावर सातेरीमाळची ईश्वरी बसली होती, आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तिच्या शेजारी हरळवड्याचा एक जाडसर मुलगा डोकं खाजवत होता. ईश्वरीनं वहीत काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं आणि तिची पाठ एकदम ताठ झाली. तिला उमजलं होतं. ते कळायला डबीची गरज नव्हती. वसुधाला वाटलं आता हिचा हात वर जाणार. पण ईश्वरीनं ओठ मिटले, येऊ घातलेला उसासा गिळला आणि पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग ती शेजाऱ्याच्या वहीकडे बघत बसली.

तिनं उत्तर सांगितलं नाही. एकदा फक्त बोटानं त्याच्या वहीतल्या शंभराच्या घरावर टिचकी मारली. तो मुलगा बघत राहिला. त्याच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या, तशी ईश्वरी जागच्या जागी थिजली. मागच्या बाकावरच्या दोन मुली पेन्सिली आडव्या ठेवून त्याच्याचकडे बघत होत्या, आणि खिडकीकडचा एकजण. त्यांचे श्वास थांबलेले वसुधाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. तीन सेकंद, चार सेकंद, पाच. मग त्या मुलानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि पाचही जणांच्या छातीतून एकदम हवा सुटली. सगळ्यांच्या तोंडावर असं हसू होतं, जसं एखाद्याला सगळ्यांनी हात देऊन झाडावर ओढून घेतलं असावं.

हे तिनं पाहिलेलं होतं. मार्चमध्ये तर पाहिलंच होतं, पण त्याच्या कितीतरी आधीही, आणि कुठं ते आठवेना.

मधल्या सुट्टीत तिनं ईश्वरीला व्हरांड्यात हाक मारली आणि पेन्सिल आडवी का ठेवलीस ते विचारलं. ईश्वरीला त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना.

"समजलं की आडवी ठिवायची," ती म्हणाली. "मग थांबायचं. शेजारच्याचं हुईस्तवर बोलायचं न्हाई. न्हाईतर त्याचं राहून जातंय."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या बाईंनी. बाईंना त्यांच्या मैत्रिणीनं शिकवलं."

"कोण मैत्रीण?"

"नाव न्हाई सांगत बाई. लांब गेली म्हणत्यात."

ईश्वरी खिचडी घ्यायला पळाली आणि वसुधा व्हरांड्यातच उभी राहिली. आता सगळं आठवलं. नामदेव नावाचा मुलगा होता. हुशारीत कमी नव्हता, पण त्याला वेळ लागायचा, आणि त्याचं उत्तर ओठांवर येईपर्यंत बाकीची पोरं ओरडून मोकळी व्हायची. त्याच्या ताटातला घास रोज कुणीतरी उचलून न्यायचं. एका सकाळी वसुधा वैतागून म्हणाली होती, की आजपासून समजेल त्यानं पेन्सिल आडवी ठेवायची आणि तोंड बंद. सगळ्या पेन्सिली आडव्या झाल्या की मगच बोलायचं. तो खेळ तिनं आठदहा दिवस घेतला असेल. नामदेव पहिल्यांदा सगळ्यांबरोबर ओरडला तेव्हा ती आणि मालन खोलीवर जाऊन हसत आणि रडत बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात तिची बदली झाली. ती विसरली. मालन विसरली नव्हती. बावीस वर्षं, मुलांच्या कितीतरी पिढ्या, तिनं तो खेळ चालवला होता.

दुपारी वसुधानं जिल्ह्याला डब्यांचं काम बघणाऱ्या तन्वी नावाच्या अभियंता मुलीला फोन लावला आणि सातेरीमाळच्या मार्चच्या मूळ नोंदी उघडायला सांगितल्या. पत्रकात जातात त्या नव्हेत, त्याआधीच्या. तन्वीला तासभर लागला. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. पहिल्या उमजेचा उच्छ्वासच मुलं गिळून टाकतात, त्यामुळे ती उमज म्हणून धरलीच गेली नाही, असं तिनं सांगितलं. नंतरचे लांब श्वास दोन सेकंदांच्या पुढचे, आणि ठोकेही वाढलेले, म्हणून ते ताणात गेले. आनंद दाबून धरला तरी ठोके वाढतातच, भीतीसारखेच. हृदयाला तेवढं एकच येतं. मग वसुधानं विचारलं, की शेवटी सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो, त्याचं काय झालं.

तन्वी म्हणाली, "ते आम्ही काढून टाकतो, मॅडम. सगळ्या मुलांत एकाच क्षणी जे होतं, ते मुलांचं नसतं असं आम्ही धरलंय. दार आपटतं, वारा येतो, छपरावरून माकड जातं. खोलीत सगळ्यांना एकदम होतं ते डबी गोंगाट म्हणून वगळते. नाहीतर एकेका मुलाची मोजणीच करता येणार नाही."

वसुधानं फोन खाली ठेवला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला एकेक मूल मोजायला सांगितलं होतं आणि त्यानं एकेक मूल मोजलं. पण तिला तर डोळे होते. ती त्याच खोलीत बसली होती, पेन्सिली तिच्यासमोर आडव्या झाल्या होत्या, आणि तिनं टॅबकडे बघितलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी, की चहा घेऊन आलेल्या शिपायाकडे तिला मान वर करून बघवेना.

येसादे सरांच्या अर्जावरचा अभिप्राय तिला त्याच आठवड्यात द्यायचा होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. असहमत म्हणायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहायचं तर मार्चमधली आपली चूक आपल्याच हातानं कागदावर आणावी लागणार. सहमत म्हटलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सात मुलं तालुक्याला जातील, तिथं कुणीतरी प्रेमळ बाई त्यांना सांगेल की बाळांनो, घाबरू नका, समजलं की लगेच हात वर करा. दिवाळीपर्यंत ती शिकतीलही.

तिनं असहमत लिहिलं. मग दीड पान कारण लिहिलं, त्यात नामदेव आला, पेन्सिल आली आणि शेवटी असं वाक्य आलं, की सातेरीमाळ शाळेबाबतचा माझा अभिप्राय चुकीचा होता, सदर पद्धत मीच सुरू केली होती आणि मीच ती ओळखली नाही. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, की तेजम मॅडम, हे मागं घेता का. तिनं नाही म्हटलं. मग चौकशी लागेल, आणि बंद झालेली शाळा तर याच्यानं उघडणार नाही, असं ते म्हणाले. ते तिला माहीतच होतं. मुलं हरळवड्याच्या वर्गातच राहिली, एवढं मात्र झालं. येसादे सरांनी दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी फोन करून रागारागानंच विचारलं, की पेन्सिली आडव्या झाल्यावर शिक्षकानं काय करायचं असतं. काही नाही, वसुधा म्हणाली, तुम्हीपण थांबायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती सातेरीमाळला निघाली. स्कूटर दुरुस्तीला होती म्हणून एसटीनं फाट्यापर्यंत गेली आणि पुढं चढ पायी चढली. शाळेला कुलूप होतं. छपरावरचं पॅनेल चमकत होतं आणि खिडकीतून आतल्या डबीचा हिरवा दिवा दिसत होता. वरच्या आळीत तीच खोली होती. मालन पायरीवर सूप घेऊन नाचणी पाखडत बसली होती. केस पांढरे झालेले, आणि या वेळी खुर्ची पुसायला ती उठली नाही.

वसुधा खालच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ईश्वरी, डबीचा दोन सेकंदांचा नियम, गोंगाट म्हणून वगळलेले श्वास, दीड पान कारण, चौकशी. मला आठवलं नाही, मालन, असं ती दोनतीनदा म्हणाली. मालनचं सूप चालूच होतं. शेवटी वसुधाकडचं बोलणं संपलं. तिनं पर्समधून एक पेन्सिल काढली आणि दोघींच्या मधे पायरीवर आडवी ठेवली.

सूप थांबलं. मालननं पेन्सिलीकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी पेन आडवं ठेवलं होतं," ती म्हणाली. "टेबलावर, तुझ्यासमोर. म्हटलं, आता हिला समजंल. तू बघितलंस त्याच्याकडं, वसू."

वसू. बावीस वर्षांत ही हाक तिला कुणी मारली नव्हती. वसुधाचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तुला आठवतंय आणि तरीबी तू सही केलीस," मालन म्हणाली. "सहा म्हैने मी हेच धरून बसले होते. इसरली होतीस हे त्याच्यापेक्षा बरं की वाईट, मला अजून कळंना."

तिनं पाखडलेली नाचणी डब्यात भरली आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली. वसुधाला वाटलं, आता ती पेन्सिल उचलेल, निदान सरळ तरी करेल. मालननं पेन्सिलीला हात लावला नाही.

"लई वर्सं थांबले मी," ती म्हणाली. "आता तू थांब."

ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही. आतून भांड्यांचा आणि मग स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. ऊन उतरलं तरी वसुधा पायरीवर बसून राहिली. खाली वळणावर आजऱ्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला, फाट्यावर गाडी जराशी थांबली आणि निघून गेली. पेन्सिल तिथंच होती. वसुधानं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि ती उघड्या दाराकडे बघत राहिली.